उद्धवचं प्रस्थान

जळगाव जामोदच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे वामनराव मास्तर स्वतः कधी नागपूरच्या पुढे गेले नव्हते. समुद्र त्यांनी पाहिला तो भिंतीवरच्या नकाशात. पण परदेशात शिकायला कसं जायचं, हे विचारायला अख्ख्या तालुक्यात दुसरं माणूस नव्हतं. विद्यापीठाला पत्र कोणत्या कागदावर लिहावं, अर्जावर फोटो डिंकाने चिकटवावा की खळीने, देवीची लस टोचल्याचा दाखला कोणाच्या सहीचा चालतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बाजारात लोक त्यांना विलायती मास्तर म्हणायचे. आधी कौतुकाने म्हणायचे; पुढे त्यात कौतुक कमी आणि मजा जास्त झाली.

मजा का वाटू नये? बारा वर्षांत मास्तरांनी चौघांचे कागद केले आणि चौघांतलं एकही गेलं नाही. पहिल्याला पासपोर्ट मिळाला त्याच महिन्यात बापाने बोहल्यावर उभा केला, आणि सासऱ्याने जावयाला समुद्रापार धाडायला साफ नकार दिला. दुसरी चारुलता, पोस्टमास्तरांची मुलगी. ती इतकी हुशार की तिच्या पत्रांत मास्तरांना एकही स्वल्पविराम बदलावा लागत नसे. तिच्या शिष्यवृत्तीचं पत्र आलं, घरच्यांनी ते वाचलं, घडी घालून फडताळात ठेवलं, आणि झालं. तिसऱ्याने अकोल्याच्या कचेरीत कारकुनी धरली. चौथा मात्र मुंबईपर्यंत पोचला. धर्मशाळेत चार दिवस राहिला, तिथलं जेवण मानवेना म्हणून पाचव्या दिवशी परत आला आणि वर मास्तरांनाच म्हणाला, "सर, मुंबईच इतकी दूर हाये, तं अमेरिका किती दूर असन." मास्तरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

उद्धव हा पाचवा. मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, हा गेला तर भरून पावलो. नाही गेला तर हा उद्योग कायमचा बंद.

उद्धव हा इंद्रभान माळ्याचा मुलगा. त्यांचं गाव जळगावापासून दोन कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. विहीर, मोट, वांगी, मिरची, आणि त्या मिरचीवर दर दोन वर्षांनी पडणारा बोकड्या रोग. पानं आकसायची, झाड खुरटायचं आणि उभा मळा उपटून टाकावा लागायचा. उद्धव अकोल्याला शेतकी शिकला, नागपूरला एम.एस्सी. झाला आणि याच बोकड्यावर त्याने प्रबंध लिहिला. मास्तरांनी तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला पाठवायला लावला. तिकडच्या प्राध्यापकाचं उत्तर आलं: ये, माझ्या प्रयोगशाळेत काम कर, पगार देतो आणि पदवीही घे. जागा दोन वर्षं राखतो, पण दुसऱ्या वर्षीच्या पंधरा सप्टेंबरच्या आत पोच. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल.

त्या उत्तरापासून दोन वर्षं मास्तरांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पासपोर्टसाठी सतरा पत्रं झाली. पोलीस चौकशीचा कागद कोणत्या तरी टेबलावर चार महिने घोडं पेंड खाल्ल्यासारखा अडून बसला होता, तो मास्तरांनी बुलढाण्याला तीन खेपा घालून सोडवला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात; या लग्नाला अठराशे होती. पण निस्तरली सगळी. रविवारी संध्याकाळी शेगावहून गाडी, मंगळवारी सकाळी मुंबईत अमेरिकन वकिलातीत व्हिसाची मुलाखत आणि शुक्रवारी विमान. हातातोंडाशी घास आला होता.

आणि आदल्या शुक्रवारी, म्हणजे घरून निघायच्या दोन दिवस आधी, मुंबईच्या तिकीट कंपनीचं पत्र आलं. मुलाखतीला आणखी एक कागद लागेल: मुलाच्या वडिलांचं प्रतिज्ञापत्र. वडिलांनी तहसीलदारासमोर सही करायची आणि तहसीलदाराने मूळ पासपोर्ट डोळ्यांनी पाहून, त्याचा नंबर लिहून शिक्का मारायचा.

"दोन वर्षं हे लोक झोपले होते का?" मास्तर शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणाले. पण कागद काय आपल्याला नवा नाही, असं म्हणून त्यांनी मधल्या सुट्टीतच मजकूर टंकून घेतला, शाळा सुटल्यावर सायकल काढली आणि उद्धवचं गाव गाठलं.

उद्धवची आई सत्यभामाबाई ओसरीवर लाडू वळत होती. मास्तरांना पाहून तिने पदर सारखा केला आणि पाटाकडे बोट केलं. इंद्रभान मळ्यात होता. उद्धव आतून आला, हातात नवी कोरी पेटी.

"बसायला वेळ नाही," मास्तर म्हणाले. "उद्धव, ते मोठं पाकीट आण. पासपोर्ट, पत्रं, सगळं. उद्या सकाळी वडिलांना घेऊन तहसील कचेरीत जायचंय."

उद्धव आईकडे पाहत राहिला. आई लाडूकडे.

"थे घरात नाही, मास्तर," सत्यभामाबाई म्हणाली. "थे तं गेलं."

"गेलं? कुठे गेलं?"

"शेगावले. आमच्या सोजराबाईच्या घरी. बुधवारी परस्थान ठेवलं न."

मास्तर मटकन पाटावर बसले. प्रस्थान म्हणजे काय ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या घरात आजोबा काशीला निघाले तेव्हा ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाची एखादी वस्तू, सुपारी-हळकुंडासकट फडक्यात बांधून, गावाबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग त्याने कधीही निघावं आणि वाटेत ते गठोडं स्वतःच्या हाताने उचलून पुढे जावं. फक्त एकदा ठेवलेलं माघारी घरात आणायचं नाही.

रविवारी पश्चिमेला जायचं म्हणजे दिशाशूल, त्या वारी त्या दिशेला निघणं अशुभ, असं गावच्या जोशांनी सांगितलं होतं. बुधवार चांगला होता. उद्धवची आत्या सोजराबाई शेगावला, स्टेशनाच्या वाटेवरच, पूर्णा नदीच्या पलीकडे. सगळं अगदी रीतसर जमलं होतं.

"पण लोक सदरा ठेवतात, धोतर ठेवतात," मास्तर म्हणाले. "पासपोर्ट कोणी ठेवतं का?"

"मी जोशीबुवाले इच्यारलं, काय ठेवू. थे म्हने, ज्याच्याबिगर त्याले जाता येत नाही थे ठेवा. आता सदऱ्याबिगर तं जाता येते, मास्तर. दुसरा घालन. तुमीच सांगत होते ना दोन वर्सं, का बा पाकीट सांभाळा, त्याच्याबिगर पोरगं जात नाही."

आपलेच शब्द असे परत ऐकून मास्तरांचा संताप दुप्पट झाला. त्यांनी उद्धवला खुणेने अंगणात घेतलं.

"तू एम.एस्सी. आहेस ना रे? तुला अडवता आलं नाही?"

"मले वाटलं, काय बिघडते, सर. रविवारी जाता जाता उचलूनच घ्यायचं होतं."

"बिघडलं ना पण! ऐक आता. उद्या पहिल्या बसने मी शेगावला जातो आणि पाकीट घेऊन येतो. तू वडिलांना बाराच्या सुमारास कचेरीत आण. शनिवार आहे, दोनला दार बंद होतं."

"सर, थे परत नाही आणता येत."

"गठोडं कुठे आणतोय मी? गठोडं राहील तिथंच. सुपारी राहील, हळकुंड राहील. मी फक्त आतलं पाकीट काढून घेतो, शिक्का मारतो. आईला काही बोलू नकोस."

उद्धव काही बोलला नाही. मास्तरांनी ते गप्प राहणं होकार म्हणून धरलं. आयुष्यभर अर्जच भरत आलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की त्यात आपलंच उत्तर लिहायची सवय लागते.

शनिवारी पहाटेची एस.टी. वेळेवर निघाली हाच काय तो चांगुलपणा. नांदुऱ्याच्या अलीकडे तिचं चाक बसलं. ते बदलेपर्यंत मास्तर रस्त्याच्या कडेला येरझारा घालत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते: तिकीट कंपनीला, जोशीबुवांना, पंचांग छापणाऱ्याला, चाक बसवणाऱ्याला. सगळ्यात जास्त सत्यभामाबाईला. जगात कुठल्या देशात पासपोर्टला हळद लावून खुंटीला टांगत असतील? आणि आपण तिकडच्या प्राध्यापकांना लिहितो की आमची मुलं विज्ञानाची आहेत.

शेगावात ते उतरले तेव्हा नऊ वाजून गेले होते. दर्शनाची गर्दी चुकवत ते गल्लीत शिरले. सोजराबाईचा नवरा देवळाबाहेर हार-फुलं विकायचा. ती घरी बसून हार ओवायची. मास्तर दारात उभे राहिले तेव्हा तिच्या मांडीवर झेंडूचा ढीग होता. समोर देवाच्या कोनाड्याशेजारी खुंटीला पांढऱ्या फडक्याचं गठोडं टांगलेलं. वर हळदीची पाच बोटं.

मास्तरांनी ओळख दिली आणि काय हवं ते सांगितलं. सोजराबाईच्या हातातली सुई थांबली.

"थे कसं देऊ, मास्तर? थे उद्धवनंच उचला लागते. अन् त्यानं उचललं का मंग पुढंच जा लागते."

"गठोडं मी नेत नाही. आतलं पाकीट फक्त. उद्या तो पाकीट घेऊन इथेच येईल, गठोडंही उचलेल. कुठे काय मोडलं?"

"सोडलं म्हनजे मोडलंच न."

"सोजराबाई, त्या कागदावर शिक्का नसला तर तुमच्या भाच्याला मुंबईहून परत यावं लागेल. चालेल?"

बाई काही आडमुठी नव्हती. ती म्हणाली, "तं आमच्या भावालेच इकडं आना न. सही त्यायचीच पाह्यजे न? आज नाही तं सोमवारी करा. खामगावले बी कचेरी हाय, तिथं बी तहसीलदार बसते. कागद नदीच्या इकडंच राह्यतीन. शिक्का शिक्क्याच्या जागी, परस्थान परस्थानाच्या जागी."

सोमवारी मुलगा मुंबईत पोचायला हवा, गाडी रविवारचीच, हे खरं. पण आत्ता नऊ वाजले होते. भाड्याची मोटार करून इंद्रभानला नांदुऱ्यावरून खामगावला आणता आलं असतं का? धावपळ झाली असती, पण कदाचित आलं असतं. मास्तरांनी तो हिशोब मनात मांडलाही, आणि मांडता मांडता त्यांना राग आला. दोन वर्षं टेबलाटेबलावर हात जोडून झाले. आता काय खुंटीवरच्या फडक्यापुढेही हात जोडायचे? एका हळकुंडासाठी सरकारी काम गावोगाव फिरवायचं?

"तेवढा वेळ नाही," ते म्हणाले. "द्या तुम्ही."

"मी नाही देत. तुमच्या हातानं काढा."

ती उठून आत चुलीपाशी गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली. मास्तरांनी खुंटीवरून गठोडं काढलं, गाठ सोडली. आत उद्धवचा एक सदरा, सुपारी, हळकुंड, मूठभर पिवळे तांदूळ आणि मधोमध त्यांनी स्वतःच्या अक्षरात नाव घातलेलं खाकी पाकीट. त्यांनी पाकीट काढलं, बाकीचं जसंच्या तसं बांधलं आणि परत खुंटीला टांगलं. गठोडं जरा चपटं दिसत होतं, एवढंच.

परतीची बस उशिरा मिळाली, पण मिळाली. पूर्णेच्या पुलावरून जाताना मास्तरांनी पाकीट छातीशी धरलं होतं. पाणी गढूळ आणि भरपूर होतं.

कचेरीत इंद्रभान आणि उद्धव व्हरांड्यात बसलेले. इंद्रभानने पाकीट पाहिलं. त्यावरची हळद पाहिली. तो काही बोलणार तोच शिपायाने हाक मारली आणि तिघे आत गेले. तहसीलदारांनी पासपोर्ट उलटसुलट पाहिला, असला पासपोर्ट आपण पहिल्यांदाच पाहतोय असं मोकळेपणाने सांगितलं, नंबर लिहिला आणि इंद्रभानला सही करायला लावली. इंद्रभानने जपून आपलं नाव काढलं. शिक्का पडला तेव्हा दीड वाजला होता.

बाहेर आल्यावर मास्तरांना वाटलं, इथेच लिंबाखाली आडवं व्हावं. "झालं," ते म्हणाले. "आता कोणीही अडवू शकत नाही."

"घरी चाला, मास्तर," इंद्रभान म्हणाला.

"मी कशाला? मी हे पाकीट घेऊन जातो, उद्या थेट शेगावला भेटतो."

"नाही. तिले सांगा लागन. तिच्यापासून लपवून मी पोराले धाडत नाही. हे मांगं आलं हे तिले ठाऊक पाह्यजे."

मास्तरांनी उद्धवकडे पाहिलं. तो बैलगाडीचं जू धरून उभा होता. वर पाहत नव्हता.

घरी पोचले तेव्हा ओसरीवर बायका जमल्या होत्या. उद्या निघणाऱ्याच्या हातावर काहीबाही ठेवायला आलेल्या. कोणी लोणच्याची बरणी आणली होती, कोणी अंगारा. सत्यभामाबाईने मास्तरांच्या काखेतलं पाकीट पाहिलं आणि हातातलं तबक खाली ठेवलं. बायका एकेक करून उठल्या आणि निघून गेल्या. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं.

"हे कुठून आलं?"

मास्तरांनी सांगितलं. शिक्का दाखवला. गठोडं तिथेच आहे हे दोनदा सांगितलं.

"गठोडं कायले जाते अमेरिकेले, मास्तर?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जाच्याचं जे होतं थे तं तुमच्या हातात हाय. नदी वलांडून मांगं आलं."

"बाई, कागद आहे हो तो. कागदाला काय माहीत मागं-पुढं? मी सकाळी जाऊन परत खुंटीला लावतो, हवं तर."

"मांगं आलेलं पुन्हा नाही ठेवता येत."

"मग नवीन ठेवा. आज संध्याकाळी ठेवा, जोशांना विचारून."

"इच्यारा तुमी. आज पितरं लागली, थे सरल्याबिगर जोशीबुवा नाही सांगत."

पितृपक्ष सरायचा म्हणजे पंधरा सप्टेंबर उलटून जायचा. मास्तरांनी मोजलं आणि त्यांचा तोल गेला. ते जे बोलले ते चौथ्या विद्यार्थ्यालाही बोलले नव्हते. म्हणाले, तुम्ही लोक जन्मभर त्या विहिरीत राहा. म्हणाले, मिरची वाळू दे, पोरं वाळू दे, पण सुपारी हलता कामा नये. म्हणाले, दोन वर्षं मी दगडावर डोकं आपटलं. इंद्रभान भिंतीला टेकून ऐकत राहिला. सत्यभामाबाईही ऐकत राहिली, आणि त्यांचं संपल्यावर तिने कोनाड्यातल्या फोटोकडे पाहिलं. फोटोत लष्करी टोपी घातलेला तरुण होता. थोरला मुलगा रंगराव. सहा वर्षांपूर्वी चीनच्या लढाईत गेला, एवढं मास्तरांनाही माहीत होतं. तार त्यांनीच वाचून दाखवली होती.

"त्याचं परस्थान नव्हतं ठेवलं," ती म्हणाली. "रजा सरली, अन् घाईनं निंघाला. येशीपावतर गेला, अन् मांगून हाक आली. पेटीची किल्ली घरी राह्यली होती. दहा पावलं मांगं आला, किल्ली घेतली, अन् गेला."

मास्तर म्हणाले, "हे बघा, त्याचा आणि याचा..." पण वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही, कारण उद्धव मध्येच बोलला.

"सर, थे हाक मी मारली होती."

तो पेटीपाशी जाऊन बसला.

"किल्ली घेऊन मीच धावत गेलो होतो. अकोल्याले शिकत होतो तवा, सुट्टीत घरी आलो होतो." तो पेटीच्या कडीशी चाळा करत होता. "मले ठाऊक हाये सर, किल्लीनं कोनी मरत नाही. तिकडं गोळी लागली म्हनून गेला. हे मी आईले पन सांगतलं, लय वेळा. पन मी गेलो अन् चार वर्सं तिकडं राह्यलो, तं चार वर्सं रोज सकाळी ही इथं बसून माझीच वाट पाहीन, अन् रोज तिले वाटन, आज तार येते. मी तिकडं पानं तपासत बसीन, अन् इकडं हिचं असं."

"मग ती आधी कशी तयार झाली?" मास्तरांनी विचारलं. "दोन वर्षं तर जा म्हणत होती."

"जाऊच द्याचं होतं मले," सत्यभामाबाई म्हणाली. "ह्यायचं मन नव्हतं. मी भांडली ह्यायच्यासंगं. म्हन्लं, एक गेला तं दुसऱ्याले बांधून ठेवता काय? पन यावेळी सगळं नीट करीन, म्हन्लं. काही राह्यलं म्हनून हाक माराची पाळी नको. म्हनून सगळ्यात आधी पाकीट बांधलं." ती थांबली. "मास्तर, तुमी इच्यारलं असतं तं मी ह्यायले कालच रातच्या गाडीनं शेगावले धाडलं असतं. खामगावले बी कचेरी हाय म्हन्तात."

इंद्रभानने मान हलवली. "गेलो असतो मी," तो म्हणाला.

शुक्रवारी याच ओसरीवर मास्तर बसले होते, आणि ही बाई समोर होती, आणि त्यांनी मुलाला अंगणात नेऊन सांगितलं होतं की आईला काही बोलू नकोस. दोन वर्षांत त्यांनी पासपोर्ट कचेरीला विचारलं, पोलिसांना विचारलं, वकिलातीला विचारलं. हिला एकदाही काही विचारलं नव्हतं. ती त्यांच्या बाजूची आहे, किंबहुना या घरात त्यांच्या बाजूचं तेवढं एकच माणूस आहे, हेसुद्धा त्यांना आत्ता कळत होतं. त्यांना स्वतःची इतकी चीड आली की उठून कुठे जावं ते सुचेना.

तरी रविवारी दुपारी ते पुन्हा आले. न जाणो, रात्रीतून काही बदललं असेल. काही बदललं नव्हतं. सत्यभामाबाईने त्यांना चहा दिला, लाडू दिला, जणू काल काही झालंच नाही. "जा म्हनू काय त्याले?" असं तिने एकदा विचारलं, आणि विचारताना तिच्या हातातली कपबशी वाजली. उद्धवने तिच्या हातातून ती काढून घेतली आणि खाली ठेवली. शेगावच्या गाडीला निघायची वेळ टळली तेव्हा तिघांपैकी कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग उद्धव पेटीतून कागद आणि टाक घेऊन आला आणि मास्तरांच्या समोर बसला.

"सर, त्या प्राध्यापकांना कळवावं लागन ना? उगीच जागा अडवून ठेवतीन थे. नाही म्हनायचं पत्र कसं लिहितात?"

बारा वर्षांत हे पत्र मास्तरांना कोणी विचारलं नव्हतं. मागचे चौघे नुसते थांबले होते, कोणाला काही कळवलं नव्हतं. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. सुरुवातीचा मायना-बियना सरळ होता. आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, हेही सरळ होतं. कळवण्यास अत्यंत खेद वाटतो की मी येऊ शकत नाही. उद्धव इंग्रजीत लिहीत गेला, सुबक, न अडखळता.

"कारण काय लिहू?" त्याने विचारलं.

"लिही," मास्तर म्हणाले, "माझ्या शिक्षकाच्या चुकीमुळे."

उद्धवने टाक उचलला, थोडा वेळ हवेतच धरला, आणि 'काही घरगुती कारणांमुळे' असं लिहिलं. मग कागद मास्तरांकडे सरकवला. त्यांनी तो सगळा वाचला. एक चूक नव्हती. उद्धव टाक धरून वाट पाहत होता, तेव्हा मास्तरांनी कागद वळवून त्याच्यासमोर ठेवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.